साळसूद म्हणजे कोण

‘साळसूद’ हा शब्द आमच्या घरात फक्त आईच्या तोंडी आहे. दूध पिऊन डोळे मिटून बसलेलं मांजर साळसूद, ‘जरा विचारायचंय’ म्हणत रांगेत पुढे घुसणारा साळसूद. माझी मुलगी उज्जैनमध्ये वाढली, तिचं मराठी निम्मं हिंदी. तिला हा शब्द नीट कळला तो गेल्या गौरींनंतर.

आई उज्जैनमध्येच, नानाखेडा भागातल्या फ्लॅटमध्ये एकटी राहते आणि तिथेच राहायचं म्हणते. पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाला ते पटत नाही. त्याची काळजी खरी आहे, पण तो समोरून बोलत नाही. विसर्जन झाल्यावर मी समया, साड्या, डबे जागच्या जागी लावत होते. गौरींच्या मुखवट्यांचा डबा रिकामा निघाला. मुखवटे गौरींसाठी आलेल्या भावाच्या बॅगेत होते, टॉवेलात गुंडाळलेले.

“रंग उडालाय गं ताई. पुण्याला छान करून मिळतो,” तो म्हणाला. चेहरा गरीब गाईसारखा.

आमच्याकडे मुखवटे ज्या घरात, गौरी त्याच घरात बसतात. आणि गौरी जिथे, तिथे आई. पुढच्या वर्षी तिला पुण्याला जावंच लागलं असतं, आणि एकदा गेल्यावर परत कोण आणून सोडणार होतं?

आई एवढंच म्हणाली, “साळसूद!”

“आजी, साळसूद मतलब? भोला?” मुलीने विचारलं.

“भोला कसला! भोला बनून काम साधणारा. चोर बिचारा कुलूप तोडतो. हा चहा पिऊन, पाया पडून घेऊन जातो.”

भाऊसुद्धा हसला. मी हसले नाही. मला हे तेव्हाच मिटवायचं होतं.

“रंगच द्यायचाय ना? टावर चौकापाशी मूर्तीवाला आहे, उद्या मी नेते. आणि दुसरं काही मनात असेल तर आईला सरळ विचार. आत्ता, माझ्यासमोर.”

तो बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “आई, पुण्याला चल ना. कायमची. तू इथे पडलीस तर मला कळणारसुद्धा नाही गं.”

“आता कसं बोललास!” आई म्हणाली. “नाही येणार मी. पण रोज सकाळी तुला फोन करीन. नाही आला तर ताईला पळव इकडे.”

मुखवटे त्यानेच बाहेर काढले. शेजारणीकडे घराची एक किल्ली ठेवायला मी लगेच निघाले, तर त्याने ती माझ्या हातातून घेतली.

“थांब, मी देतो. माझा नंबरही देऊन येतो.”