इंजिन चालवायचं तर काय शिकावं लागतं?

आता सांगतोय ते अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. बायकोच्याही नाही – आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, मी दारात चपला कशा काढतो त्यावरून तिला माझा दिवस कळतो. हे मात्र तिला कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं.

मी पालम तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कॉलेजचं नाव नको, दोष कॉलेजचा नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडची माणसं पोरांना घेऊन माझ्या घरी येतात. नर्सिंगला जायचं तर बारावीला बायोलॉजी लागतंच का? बी.ए. करून फौजदार होता येतं का? फार्मसीला गणित नसलं तर चालतं का? मी उत्तरं देतो. आणि द्यायला मला आवडतं – का खोटं बोलू? ओट्यावर चार माणसं बसलेली असावीत, आतून चहा यावा आणि कुणीतरी म्हणावं, "सरांना इच्यारा." एवढ्यावर माझं पोट भरतं.

कुठून सुरुवात करू? शिवकन्येपासूनच करतो.

शिवकन्या ही बालाजीची थोरली मुलगी. बालाजी पालम ते गंगाखेड काळीपिवळी जीप चालवायचा, आणि मी दिसलो की पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवून मला बसवायचा. शिवकन्येचा मामा पूर्णेला राहतो. सुट्टीत ती तिकडे जायची, आणि पूर्णेला जाऊन रेल्वे बघणार नाही असं पोर कुठलं? एकदा तिनं तिथं इंजिनाच्या खिडकीत एक बाई बसलेली पाहिली. सोबत आलेली नव्हे – चालवणारी. झालं. दहावीचा निकाल लागल्यावर ती बापाला घेऊन माझ्या ओट्यावर आली आणि म्हणाली,

"सर, रेल्वेचं इंजन चालवायचं असंल तर काय शिकावं लागतंय?"

असा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, पोलीस – यांची उत्तरं माझ्याकडे होती. हे माहीत नव्हतं. "माहीत नाही, चौकशी करून सांगतो" म्हणायला काय हरकत होती? पण ओट्यावर माणसं होती. मी म्हणालो, सायन्स घे, मग बी.एस्सी. कर. पदवी हातात असली की रेल्वेत कुठलंही दार उघडतं. माहीत नसलेल्या गोष्टी मी नेहमीच जरा मोठ्या आवाजात सांगतो.

इथवर मी फक्त बढाईखोर. एवढंच असतं तर आज लिहायला बसलो नसतो.

आमच्याकडे जून कसा असतो ते सांगायला हवं. वर्गात पोरं भरली नाहीत तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद म्हणजे शिक्षक अतिरिक्त – मग बसा कुठं पाठवतील तिकडे जात. म्हणून आम्ही मोटारसायकली काढून गावोगाव पोरं गोळा करत हिंडतो. पालकाची सही घ्यायची आणि हायस्कुलातून पोराची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आपणच काढून आणायची. टीसी आपल्या ताब्यात आली की पोरगं आपलं, ही आमच्यातली पक्की समजूत. शिवकन्येची टीसी मीच आणली होती. बालाजीनं न वाचता सही केली होती. माझ्यासमोर तो काहीच वाचत नसे.

त्याच आठवड्यात पूर्णेला एका बारशाला गेलो. माझा साडू तिथं रेल्वेत आहे. पंगत उठल्यावर सहज त्याला विचारलं. तो हसायलाच लागला.

"बी.एस्सी.ला कोन इच्यारतंय? दहावी अन् आयटीआय लागतंय – फिटर, इलेक्ट्रिशियन, असली ठरलेली ट्रेडं. न्हाईतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा. सांगा त्या पोरीला, अजून टाईम हाय."

टाईम होता. आयटीआयचे प्रवेश चालू होते. उद्या सांगू, असं मी येताना ठरवलं. दुसऱ्या दिवशी नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग बालाजी स्वतःच आला. त्याच्या जीपमधल्या कुण्या पॅसेंजरनं त्याला आयटीआयचं सांगितलं होतं. जीप चालू ठेवूनच तो माझ्या फाटकाशी उभा राहिला.

"सर, पोरगी म्हनायलीय आयटीआय करावं लागतंय. गंगाखेडला भरायलेत म्हने. तेवढी टीसी पायजे होती."

आता ऐका. टीसी माझ्या मोटारसायकलच्या डिकीत होती. बाकीच्यांच्या टीसींबरोबर, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून कॉलेजात न दिलेली. आणि मोटारसायकल आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. बालाजी बोलता बोलता तिच्या सीटवर हात ठेवून उभा होता.

मी म्हणालो, "टीसी जमा झाली बालाजी. आता निघत नाही."

त्यानं हट्ट धरू नये म्हणून मी पुढं बोललो – आणि हे त्या खोट्याहून वाईट होतं. म्हणालो, "आणि आयटीआय करून काय, पोरीला पान्हे देऊन पोरांमध्ये बसवणार आहेस? ग्रॅज्युएट कर तिला. रेल्वे घरी येईल विचारत." जीपमधल्या कुणीतरी हॉर्न वाजवला. बालाजी म्हणाला, "तुमी म्हनता तर बराबरच आसंल सर." आणि गेला.

का केलं मी असं? इतकी वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो – तुकडीसाठी. नोकरीसाठी. सगळेच करतात. पण तेही खरं नाही. एका पोरीवाचून आमची तुकडी बुडणार नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. खरं कारण फार बारकं आहे. लिहायला लाज वाटावी इतकं बारकं. चार माणसांत मी बी.एस्सी. कर असं सांगून बसलो होतो. टीसी काढून दिली असती तर बालाजीनं जीपमध्ये सगळ्यांना सहज सांगितलं असतं – सरांना हे माहीत नव्हतं. वाईट मनानं नाही, नुसतं बोलता बोलता. तेवढं मला सोसवलं नसतं. त्या एका वाक्यासाठी मी एका पोरीचं आयुष्य वळवलं.

ती माझ्याच वर्गात दोन वर्षं पहिल्या बाकावर बसली. रेल्वेच्या वेगाची गणितं आली की ती माझ्याकडे बघून हसायची, आणि मी फळ्याकडे तोंड करायचो. रोज तिला सांगू शकलो असतो. बारावीनंतरही सांगता आलं असतं, तेव्हाही आयटीआय काही पळून गेलं नव्हतं. पण मग दोन वर्षं गप्प का बसलात, हा प्रश्न आला असता. ती एसटीनं परभणीला जाऊन बी.एस्सी. झाली, चांगल्या मार्कांनी. मग भरती निघाली. त्याच संध्याकाळी ती मोबाईलवर जाहिरात घेऊन माझ्या घरी आली. "सर, ह्याच्यात बी.एस्सी. कुठंच न्हाई."

मी चष्मा लावून ती जाहिरात वरपासून खालपर्यंत वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतोय. म्हणालो, "नियम बदललेले दिसतात." दुसरं खोटं, आणि किती सहज आलं! तिनं मोबाईल परत घेतला. मग मलाच म्हणाली, "जाऊ द्या सर. तुमाला तरी कसं माहीत आसनार." बायकोनं आग्रह करून तिला जेवायला बसवलं. तिनं दोन घास खाल्ले.

पुन्हा आयटीआय करते, असं तिनं बापाला म्हणून पाहिलं. पण ग्रॅज्युएट झालेली पोरगी पान्हे घेऊन बसणार का, असं बालाजी म्हणाला. शब्द ओळखीचे वाटतात ना? तोवर स्थळ आलं होतं. देवगाव फाट्याला तिच्या नवऱ्याचं फरशीचं दुकान आहे. ती गिऱ्हाईक बघते. सुखात आहे असं सगळे म्हणतात. मी कधी विचारलेलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरेसं होतं. पण मला तालुक्यातल्या शाळा करिअरवर बोलायला बोलवायला लागल्या. आता मी आयटीआयचं सांगतो, डिप्लोम्याचं सांगतो, प्रत्येक पदाला नेमकं काय शिक्षण लागतं ते आधी बघा म्हणून बजावतो. आणि व्याख्यानाला एक उदाहरण लागतं. मी सांगायला लागलो – "एक हुशार मुलगी होती. तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. पण तिनं वेळेवर नीट चौकशी केली नाही..." आया पदर तोंडाला लावायच्या. काही वर्षं मी हे उदाहरण देत आलो. चांगलं चालायचं ते, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

गेल्या वर्षी पालमलाच एका शाळेत बोलत होतो. उदाहरण सुरू केलं आणि पालकांच्या खुर्च्यांवर मला शिवकन्या दिसली. माहेरी आली असणार. शेजारी तिची धाकटी बहीण आरती, तेव्हा दहावीला. मला थांबता आलं असतं. दुसरं काही सांगता आलं असतं. मी थांबलो नाही, शेवटच्या वाक्यापर्यंत सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिची मान हळूहळू हलत होती. होकारार्थी.

कार्यक्रम संपल्यावर ती आरतीला घेऊन पुढं आली. बहिणीला माझ्या पाया पडायला लावलं आणि तिला म्हणाली, "आयकलीस ना? ती पोरगी मीच हाय. माझंच चुकलं बग, मी नीट इच्यारलंच न्हाई. तू सरांना समदं इच्यारून घे."

भोवती मुख्याध्यापक होते, दोन-चार पालक होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी आरतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शिवकन्येला म्हणालो, "जाऊ दे बाळ, होतं असं एखाद्याकडून."

मी तिला माफ केलं. आणि तिनं मान खाली घालून ती माफी घेतली.