मोक्शावाले सर

लखनौच्या गोमती नगरला मी ज्या मराठी सरांकडे स्वयंपाक करते, ते मोक्शा भाषेचा अभ्यास करतात. मी कणीक मळत असले की सांगतात, ही रशियातली भाषा, पण रशियन नव्हे. फिनलंडच्या भाषेची दूरची बहीण. "ताई, तिथली पोरं आता घरातही रशियनच बोलतात हो!" म्हणताना चेहरा असा, जणू घरचंच कुणी आजारी आहे. तेवढ्यात मुलगी ओरडते, "पापा, खाना लग गया!" सर म्हणतात, "हाँ बेटा, आया."

परवा मी धीर करून म्हटलं, "सर, आपल्याकडे तरी काय वेगळं?"

दुपारी मुलीनं हाक मारली, तर सर जागेवरूनच म्हणाले, "मराठीत बोलव, मग उठतो."

बऱ्याच वेळानं ती फणकारली, "बाबा, जेवायला या ना यार!"

तोवर मी वरण दोनदा गरम केलं होतं. तिसऱ्यांदाही केलं असतं.