पहिल्या बाकावरून ऐकू येतं

वर्गातल्या प्रत्येक मुलाला शिकता येईल असा धडा कसा आखायचा, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण तंजावरातच होतं. वीस वर्षं सहावीला गणित शिकवल्यावर मला आता कोण काय शिकवणार, अशा गुर्मीत मी गेले होते. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक बाईंनी आम्हा शिक्षकांनाच घरचा अभ्यास दिला. वर्गातलं जे मूल तुम्ही मनातून सोडून दिलंय, त्याच्या घरी जा, त्याला काय येतं ते पाहा आणि उद्या त्यावरून धडा मांडा.

मला फार विचार करावा लागला नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तोंडातून शब्द नाही, वही कोरी. तिला मी पहिल्या बाकावर बसवलं होतं आणि तेवढ्यावर माझं काम संपलं असं धरून चालले होते.

संध्याकाळी तिरुवैयारु रस्त्यावरचं तिचं घर शोधलं. आईने दार उघडलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "या की टीचर, बसा. तुम्ही आमच्यातल्याच, म्हणून ही सांगत होती."

मी चप्पल काढता काढता थांबले. इकडे हजेरीपटावर आडनाव नसतं, नावाआधी वडिलांचं आद्याक्षर तेवढं असतं. वडील तमिळ आणि आई आमच्यातली, हे मला कळणार कुठून?

आता सांगायलाच हवं. माझी नणंद शेजारच्या वर्गाला शिकवते आणि मधली भिंत अर्धीच आहे. मुलांसमोर आम्ही दोघी खुशाल मराठीत बोलतो, कारण वर्गातल्या तमिळ मुलांना ते कळत नाही. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांना ही खोड पिढ्यानपिढ्या आहे. बसमध्ये, दुकानात, लग्नात आम्ही माणसाच्या तोंडावर त्याची उणीदुणी काढतो आणि वर हसतो. त्या पहिल्या बाकापाशी उभी राहून मी नणंदेला काय काय ऐकवलं होतं, ते एकेक आठवू लागलं. ही नुसती दगड आहे. हिच्यावर वेळ घालवून काय मिळायचं? आणि गेल्याच आठवड्यात, वर्ष संपलं की हिच्या आईला सांगते, शाळेतून काढून घे म्हणून.

मुलगी पाणी घेऊन आली. तिने वर पाहिलं नाही. मी पेला घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

आई फुलांच्या माळा बांधून विकते. मुलगी तिच्याजवळ बसून माळ मोजू लागली. इकडे फुलं हाताने मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मुळम. अर्धा मुळम, पाव, पाऊण, ती न अडखळता तोडत होती. हेच अपूर्णांक मी तिला दोन महिने फळ्यावर समजावत होते. उद्याचा धडा समोर आयता मांडला होता, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. आईला किती माहीत आहे, याचीच मला धास्ती होती.

"शाळेतलं काही सांगते का घरी?" मी विचारलं.

"सगळं सांगते की. टीचर त्या दुसऱ्या टीचरांजवळ माझं कौतुक करतात म्हणते." मग तिने आवाज खाली आणला. "खरं सांगा टीचर, हिला जमेल का? तुम्ही नाही म्हणालात तर यंदाच शाळेतून काढते, ओरत्तनाडूला माझ्या अक्काकडे पाठवते. तिला घरकामाला कुणी तरी हवंय."

मुलीची बोटं माळेवर थांबली.

"जमेल," मी घाईघाईने म्हणाले. "मी शिकवते ना."

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मला लाज वाटत होती, पण विचारल्याशिवाय पाय निघेना. "मी वर्गात बोलत होते ते तुला कळत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग आईला खोटं का सांगितलंस?"

तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"खरं सांगितलं असतं तर आईने तुमचं ऐकलं असतं."