फ्रेममधली मॅडम

आमच्या दुकानात काही दिवस असे जातात की बियाण्याचं एक पाकीट खपत नाही, पण किस्सा रोज एक तरी निघतो. तीन वर्षं काउंटरवर आहे मी. सांगायला बसलो की लोक हसतात. आधी मीही हसायचो.

दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र, हिंगणा रोडवर. मालक वासुदेवकाका, मॅट्रिक नापास. कायदा म्हणतो, कीटकनाशक विकायचं तर दुकानात ॲग्रीची डिग्री असलेला माणूस पाहिजे. काकांनी अर्धा कायदा काटेकोर पाळला. डिग्री दुकानात आहे. भिंतीवर, फ्रेममध्ये. माणूस नाही.

डिग्री सोनालीची. माझ्याच बॅचची. मी तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं, ती पहिल्या नंबरने पास झाली. फरक एवढाच की मी औषधं विकतो आणि ती शहरात, सदरला, विम्याच्या ऑफिसात फॉर्म भरते. तिचे बाबा काकांचे जुने दोस्त. त्यांनी पोरीच्या साखरपुड्याआधी तिच्या डिग्रीचंच काकांच्या दुकानाशी साक्षगंध उरकलं. म्हणाले, "कागदच तं आहे. घरी पडून काय करून राहिला?"

आता तिला उमरेडला स्वतःचं दुकान टाकायचंय. पण एक डिग्री एकाच लायसन्सवर चालते. काकांनी तिचं नाव सोडल्याचं पत्र दिल्याशिवाय तिचा अर्ज हलत नाही. दोन वर्षं झाली मागते आहे. काका प्रेमाने म्हणतात, "देतो नं बेटा. एवढा सीझन जाऊ दे."

खरीप गेला की रब्बी येतो. रब्बी गेला की खरीप.

*

दसऱ्याला काकांनी तराजू पुजला, गल्ला पुजला आणि भक्तिभावाने फ्रेमलाही झेंडूचा हार घातला. डिग्रीखाली सोनालीचा पासपोर्ट फोटो चिकटवलेला.

दुपारी एक म्हातारे शेतकरी आले. फोटो पाहिला, चप्पल काढली, हात जोडले. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "कायनं गेली गा पोरगी?"

मी म्हटलं, "डिग्रीनं."

*

जुन्या दुकानदारांसाठी रविवारचा एक डिप्लोमा असतो. तो केला की डिग्रीवाल्याची गरज नाही. सोनालीनेच काकांचा फॉर्म भरला, फोटो चिकटवले, पहिल्या रविवारी त्यांना गाडीवर सोडूनही आली.

मास्तरांनी सगळ्यांना शेतात नेलं. पानावर लाल, ठिपकेवाला किडा दाखवला. म्हणाले, याचं काय कराल? प्रत्येक काकाने आपापल्या दुकानातलं औषध सांगितलं. मास्तरांनी कपाळ धरलं. म्हणाले, अहो, हा मित्रकिडा आहे, पिकावरची मावा कीड फुकटात खातो.

वासुदेवकाका म्हणाले, "म्हणजे बिनालायसन्सचा धंदा करून राहिला!"

त्यानंतर काका गेले नाहीत. तिथे म्हणे धंद्याच्या विरोधात शिकवतात.

*

मग कृषी पदवीधरांची सभा झाली, सदरलाच एका हॉलमध्ये. मागणी काय, तर डॉक्टरांची असते तशी आमचीही नोंदणी पाहिजे, रजिस्टर पाहिजे, नंबर पाहिजे. मागणी रास्त आहे. पण स्टेजवरच्या रिटायर्ड मंडळींनी दीड तास कशावर घालवला? नावाच्या आधी काय लावायचं यावर. डॉक्टरला डॉ. आहे, वकिलाला ॲड. आहे, आपल्याला काय?

शेवटी सोनाली उठली. तिने विचारलं, नोंदणी झाल्यावर तरी दुसऱ्याच्या दुकानात टांगलेल्या डिग्र्या खाली उतरतील का?

स्टेजवर सहा जण होते. त्यातल्या चौघांच्या डिग्र्या कुठे टांगल्या आहेत हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "फार छान प्रश्न आहे बेटा. चहा घेऊन घ्या सगळे."

*

गेल्या महिन्यात लायसन्सच्या नूतनीकरणासाठी कृषी खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. काकांनी सोनालीला फोन केला. एक दिवस काउंटरवर बस, साहेब गेले की पत्र तुझ्या हातात. तिने रजा टाकली. पत्र स्वतःच टाइप करून आणलं, फक्त काकांची सही बाकी ठेवली.

साहेब खुर्चीत बसले, चहा आला. तेवढ्यात गिऱ्हाईक सुरू झालं.

पहिल्याने संत्र्याची पिवळी पानं आणली. सोनालीने पाण्याचं विचारलं, माती विचारली. म्हणाली, पाणी साचतंय, चर काढा, औषध नको. दुसऱ्याला कपाशीवर फवारायचं होतं. तिने त्याने आणलेलं पान उलटं करून पाहिलं आणि आठ दिवस थांबायला सांगितलं. तिसऱ्याला दोन औषधं एकत्र पाहिजे होती. तिने घरी काय उरलंय ते विचारलं आणि म्हणाली, एकच पुरे, आणि ते तुमच्या घरी आहेच.

तिघेही रिकाम्या हाताने गेले. तिसरा तर तिला नमस्कार करून गेला. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तीन वर्षांत त्या काउंटरवर कोणी खरं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. खोटं बोलणाऱ्यांत मीही आलो.

साहेबांनी नूतनीकरणावर सही केली. सोनालीने पत्र टेबलावर ठेवलं.

"काका, साहेबही इथंच आहेत. सही करून द्या."

काका पंख्याकडे पाहू लागले. साहेबांनी पत्र उचललं. सावकाश वाचलं. दोन घड्या केल्या आणि काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिलं.

मग सोनालीकडे वळून अगदी काळजीने म्हणाले, "मॅडम, लायसन्स मिळेलही तुम्हाला. पण तुम्ही विकणार काय?"