वन्संच्या मोजणीतून सुटका नाही

उचगावात जन्माला यावं आणि आमच्या वन्संनी मोजल्याशिवाय राहावं, हे शक्यच नव्हतं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, गावातल्याच शाळेत गणित शिकवलं. पुस्तकातल्या रामकडे आंबे किती नि श्यामकडे किती, याचा त्यांना मनापासून तिटकारा. "त्या रामला बघितलाय कुणी? आपल्या गल्लीतली माणसं काय संपली हायत?" असं म्हणून त्या पोरांना घरोघर सोडायच्या. त्याला मुहूर्त मात्र लागे, तो कुठल्यातरी दिनाचा. साक्षरता दिनाला कुणाकुणाची आजी अंगठा उठवते त्याचा शेकडा, पर्यावरण दिनाला माणशी झाडं किती त्याचा भागाकार. महिला दिनाला पोरापोरींच्या जोड्या लावून फुगडीला उभं करायच्या आणि उरलेल्या पोरांना विचारायच्या, "तुमच्या वाटच्या पोरी कुठं गेल्या रं?" एकदा एक पोरगं म्हणालं, "बाजाराला असंल बाई, गांधीनगरला." वर्ग हसला, वन्संही हसल्या. मग त्यांनी गावातल्या मुलामुलींचा खरा आकडा फळ्यावर लिहिला आणि पोरं वजाबाकी परत परत करून बघायला लागली.

कुटुंब दिन ऐन मेच्या सुट्टीत येतो, हा कुणाचा तरी नतद्रष्टपणा मानून त्या तो जूनमध्ये साजरा करत. धडा ठरलेला. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, जनगणनेत तसंच धरतात. शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आलेली परमुलखाची पोरं एका खोलीत एकाच कुकरवर जेवतात, त्यांना कुटुंब म्हणायचं का, यावर वर्गात हातघाई व्हायची. एका पोरीनं विचारलं, "बाई, एकाच माणसाचं कुटुंब असतंय का?"

"असतंय की."

"मग त्यानं भांडायचं कुणासंगं?"

वन्संनी त्या दिवशी तास लवकर सोडला म्हणतात.

आता माझी गंमत. मी सून म्हणून आले ती अगदी अप्रूपाची वस्तू, निदान माझ्या मते. बी.ए. झालेली, गॉगल लावून दळण आणायला जाणारी. लग्नात वय दोन-तीन वर्षं कमी सांगितलेलं. लोकसंख्या दिनाला वन्संच्या वर्गानं अख्ख्या गल्लीच्या वयांचा मनोरा काढून शाळेच्या भिंतीवर लावला, प्रत्येक चौकोनात एकेक नाव. पोरांनी माझं वय माझ्या धाकट्या भावाला विचारलं होतं, तो नेमका पाव्हणा आलेला. सासूबाई मनोरा बघून आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "एका दिसात सून थोरली झाली की गं."

वन्सं म्हणाल्या, "आकडा चुकला असंल तर सांग, खोडते." चुकला नव्हता, हीच पंचाईत. मी पाय आपटत माडीवर गेले आणि त्याच आठवड्यात वर वेगळा गॅस घेतला. यांची जेवणं दोन्हीकडे व्हायला लागली, वजन तेवढं त्यांचं वाढलं. माझा राग श्रावणापर्यंत विझला, पण खाली कुठल्या तोंडानं यायचं? आमटीच्या वाट्या मात्र आयुष्यभर जिना चढउतार करत राहिल्या.

आता हे नाहीत. मुलं, नातवंडं पुण्याला. खाली वन्सं, वर मी. यंदा जनगणनेला आली ती वन्संचीच जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः मास्तरीण, हातात मोबाईल. तिनं विचारलं, "बाई, चूल एक का दोन?"

वन्संचं तोंड उतरलं. धडा त्यांचाच होता.

"दोन," त्या हळूच म्हणाल्या.

"एक," मी म्हणाले.

"खोटं सांगू नको गं. वर तुझा कुकर हाय."

मी गुडघे कुरकुरवत माडीवर गेले, कुकर उचलला आणि खाली आणून वन्संच्या पुढ्यात ठेवला. "आता कुठं हाय बघा."

वन्संनी झाकण उघडून बघितलं, शिट्टी जागेवर आहे का तेही बघितलं. "एक भर," त्या पोरीला म्हणाल्या.

"आणि काकू, तुमचं वय?"

मी सांगितलं. लग्नातलंच, पुढं चालवलेलं. वन्संनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. गावातला एकही चुकीचा आकडा ज्यांनी कधी जाऊ दिला नाही, त्यांनी हा तसाच भरू दिला आणि त्या कुकर घेऊन आत गेल्या. अख्ख्या उचगावाची मोजदाद ठेवणाऱ्या बाईकडं एवढं एक माप नव्हतं. आतून आवाज आला,

"तुला भाताला तांदूळ किती लागतंय गं?"