आमचं घर वाळीत असताना

आम्हांला वाळीत टाकलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तो शब्द मला नीट ऐकूच आला नव्हता. मला वाटलं, वाळत टाकलं. अंगणात कुरडया घालतात, दांडीवर धोतरं घालतात, तसं. मी आईला विचारलं, "मग संध्याकाळी आत घेतील ना?" हसावं की रडावं, आईला कळेना. शेवटी ती हसली. त्या महिन्यात ती हसल्याची मला तेवढी एकच आठवण आहे.

झालं होतं ते असं. आम्ही तांबट. कसब्यात आमची आळी. दिवस उगवला की घराघरांतून हातोड्या सुरू व्हायच्या, त्या इतक्या की सरकारवाड्यावरची नौबत झडली तरी आमच्याकडे कुणाला कळायची नाही. माझ्या आजोबांनी जाण्यापूर्वी माझं लग्न मुख्य पंचांच्या धाकट्या भावाशी ठरवून टाकलं होतं. या नवरदेवाचे दोन संसार होऊन गेले होते. त्याची थोरली मुलगी माझ्याहून मोठी होती. आजोबांचं वर्षश्राद्ध झालं तसा पंचांकडून मुहूर्ताचा निरोप आला. वडील ओट्यावर तांब्याचा गळा वळवत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मुलगी देत नाही."

निरोप्या म्हणाला, "अहो, शब्द दिलाय तुमच्या घरानं."

"शब्द माझ्या बापानं दिला. मुलगी माझी आहे."

चौथ्या दिवशी पंचायत बसली. ठराव झाला. या घराशी पाणी नाही, विस्तव नाही, पंगत नाही आणि मेलं तर खांदा नाही.

मोठ्यांना पंगत आणि खांदा यांचं दुःख झालं असेल. मला विस्तवाचं झालं. सकाळी चूल पेटवायला मी खापरीत निखारा आणायला शेजारी जायचे आणि शेजारच्या काकू निखाऱ्याबरोबर हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीनं खापरी घेऊन गेले. काकूंनी मला पाहिलं, दार लावलं आणि दारामागून हळूच म्हणाल्या, "जा गं बाळ, घरी जा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून आई रात्री निखारे राखेत पुरून ठेवू लागली. हौदावर ती भर दुपारी जायची, तिथं कुणी नसायचं तेव्हा.

शेजारच्या गल्लीतल्या देवळात एक पुराणिक यायचे. देवळात आम्हांला मज्जाव नव्हता, फक्त आळीतल्या बायका आम्ही बसलो की उठून दुसरीकडे बसायच्या. एकदा पुराणिकांनी एकांताची फार थोरवी सांगितली. ऋषी म्हणे एकांतासाठी घरदार सोडून जात. घरी येताना मी वडिलांना विचारलं, "आबा, मग आपल्यालाही एकांतच मिळालाय ना?"

वडिलांनी माझं बोट धरलं. मग म्हणाले, "एकांत माणूस स्वतः मागतो. वाळीत दुसरे टाकतात. माणूस दोन्हींत एकटाच. पण मागून घेतलेल्या एकटेपणात काहीतरी करता येतं, एवढं खरं."

"मग आपण मागून घेतलाय असं समजू या."

वडील थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात लहान हातोडी दिली. आमच्यात बाया भांडी घासत, चिंच लावून उजळत, बाजारात नेत. तांबं मात्र ठोकत नसत. आई म्हणाली, "अहो, पोरीच्या जातीला हे शिकवताय? लोक काय म्हणतील?" वडील म्हणाले, "लोकांना बोलायलाच बंदी आहे आपल्याशी. त्यांच्याच ठरावानं."

खरी अडचण कामाची होती. पळी, तांब्या, पंचपात्र ही कामं एकट्यानं होतात. ती आम्ही करायचो आणि आई बुधवारच्या बाजारात विकायची. गिऱ्हाईक परजातीचं, त्याला आमच्या ठरावाचं काही नव्हतं. पण मोठं भांडं एकट्याचं काम नाही. कुणी पत्रा धरावा लागतो, कुणी फिरवावा लागतो, दोघांनी आळीपाळीनं ठोकावा लागतो. आळीत एकमेकांच्या हाताला हात देऊनच मोठी भांडी होत. आम्हांला हात द्यायला कुणी नव्हतं, म्हणून पाच वर्षं आमच्या घरात हंड्याहून मोठं काही झालं नाही. वडिलांचा हात आळीत पहिल्या दोनतिघांत गणला जाई. असा माणूस पळ्या ठोकत बसायचा.

मी चौदा वर्षांची असताना धायरीचा पाटील आमच्या दारात आला. बुधवारात आईकडून घेतलेला तांब्या त्याच्या हातात होता. गावच्या भंडाऱ्यासाठी भाताचं तपेलं हवं होतं, एवढं मोठं, की उभा माणूस आत कमरेपर्यंत दिसेनासा व्हावा.

वडिलांनी खरं ते सांगितलं. "पाटील, आम्ही वाळीत आहोत. मला माणसं मिळायची नाहीत. आळीत दुसरीकडे विचारा."

पाटील ओट्यावर मांडी घालून बसला. "तुमचं वाळीत टाकनं तुमच्या जातीत हाय. आमच्या गावात त्याचं काय काम? मला या हाताचं भांडं पायजे. करनार का न्हाय, येवढं सांगा."

वडील आत आले. आई म्हणाली, "माणसं नाहीत असं कसं म्हणता? आम्ही दोघी काय बाहुल्या आहोत?"

वडिलांनी होकार दिला. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी उठून त्यांनी अंगणात खड्डा खणायला घेतला. गोल, तपेल्याच्या बुडाच्या आकाराचा. आम्ही तिघांनी आठ दिवस त्याची माती चोपून चोपून दगडासारखी केली. पत्रा धरायला माणसं नाहीत तर जमिनीनं धरावा, असा त्यांचा विचार होता. आळीत असं कुणी कधी केलेलं नव्हतं. चार माणसं मिळत असताना खड्डा कोण खणेल?

मग काम सुरू झालं. पत्रा लाल होईस्तोवर तापवायचा, पाण्यात विझवून मऊ करायचा, खड्ड्यावर ठेवायचा. आई लांब सांडशीनं तो बोटबोट फिरवायची, वडील आणि मी समोरासमोर बसून ठोकायचो. त्यांचा एक ठोका, माझा एक. पहिल्या दिवशी माझे तळवे फुटले. आईनं हळद भरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांडशी हातात घेतली. तिच्याही हातांना फोड होते, ते मला फार उशिरा दिसले. एकदा बुडाचा आणि अंगाचा जोड उकलला आणि चार दिवसांचं काम वाया गेलं. वडील खांबाला टेकून डोळे मिटून बसले. मी म्हटलं, "आबा, परत लावू या." ते उठले.

शेवटी मठार राहिली. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं भांड्यावर एकसारखे ठोके उठवायचे, म्हणजे तांबं कडक होतं आणि उन्हात चमकतं. आतल्या बाजूची मठार वडिलांनी माझ्यावर सोपवली. आत बसून हातोडी चालवायला त्यांचं अंग वळेना आणि माझा हात एव्हाना त्यांच्याइतका बसला होता.

आमच्या आळीत कान तयार असतात. कुणाच्या घरी किती माणसं कामाला आहेत, हे ठोक्यांवरून लहान पोरंही सांगतात. आमच्या घरातून दोन तयार हातोड्या ऐकू येत होत्या. ठराव मोडून कुणीतरी आमच्याकडे कामाला जातंय, असा आळीनं निष्कर्ष काढला. एका सकाळी मुख्य पंच चारसहा जणांना घेऊन दारात उभे राहिले. मागे तो नवरदेवही होता. मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"आत कोण आहे?" पंचांनी विचारलं.

"घरचीच माणसं," वडील म्हणाले.

"आम्हांला बहिरे समजता का? दुसरी हातोडी कुणाची?"

"या की बघायला. पण उंबरा ओलांडलात तर तुमच्याच ठरावाप्रमाणे तुम्हीही वाळीत. तेवढं बघा."

पंचांचा उचललेला पाय खाली आला. सगळे दारातूनच माना उंच करून बघू लागले. अंगणात तपेलं होतं आणि आतून ठोके येत होते. वडिलांनी हाक मारली तशी मी आतून उभी राहिले. पदर खोचलेला, तोंड काजळीनं काळं, हातात हातोडी.

सगळे माझ्या हातातल्या हातोडीकडे बघू लागले. मग मागून एकजण फिसकन हसला. तो पंचांना हसला, हे सगळ्यांना कळलं. नवरदेव खाली बघत निघून गेला आणि पंचही "चला रे" म्हणून वळले. फक्त एक म्हातारे कारागीर तिथंच उभे राहिले. आळीतल्या निम्म्या मुलांना मठार त्यांनी शिकवलेली. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर तपेल्याच्या काठावर होती.

कल्हई झाली. ठरल्या दिवशी धायरीहून गाडी आली, बैलांच्या शिंगांना गोंडे बांधलेले, बरोबर दहाबारा माणसं आणि एक हलगीवाला. तपेलं गाडीवर चढवलं तेव्हा ऊन त्यावर असं पडलं, की समोरच्या घरांच्या भिंतींवर त्याचे कवडसे नाचायला लागले. आळीत एकेक हातोडी थांबली. लोक ओट्यांवर आले. पाच वर्षं ज्यांनी आमच्या दाराकडे मान वळवली नव्हती, ते सगळे बघत होते. हलगी वाजत होती आणि पाटील मोठ्यांदा म्हणत होता, "या पोरीच्या हातचं हाय! या पोरीच्या!"

गर्दीतून ते म्हातारे कारागीर पुढे आले आणि सरळ आमचा उंबरा ओलांडून अंगणात गेले. खड्ड्याजवळ उकिडवे बसले, आत हात घालून मातीवरून फिरवला आणि मला म्हणाले, "पाणी दे गं पोरी."

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी तांब्या दिला. ते घटाघटा प्यायले.

पंच दारातून म्हणाले, "काका, काय केलंत हे!"

"तहान लागली, पाणी प्यालो. आता मलाही टाका वाळीत. मग तुमच्या मुलांना मठार कोण शिकवतो ते मी बघतो." मग ते वडिलांकडे वळले. "हा खड्डा कसा सुचला?"

वडील म्हणाले, "माणसं नव्हती, म्हणून सुचला."

त्यांच्या मागून आणखी दोघे आत आले, मग चौघे. खड्डा बघायच्या निमित्तानं संध्याकाळपर्यंत अर्धी आळी आमच्या अंगणात येऊन गेली, आणि प्रत्येकानं पाणी मागितलं. आई हंडे रिकामे करत होती आणि डोळे पुसत होती. पंधरा दिवसांनी पंचांनी निरोप पाठवला, माफी मागा, म्हणजे ठराव मागे घेऊ. वडिलांनी उलट निरोप पाठवला, "माफी कशाची ते लिहून कळवा." ते कधीच आलं नाही. पुढच्या लग्नसराईत आम्हांला पंगतीची बोलावणी मात्र सगळ्या घरांतून आली.

माझं लग्न सतरावं संपताना झालं. आळीतल्या माझ्या वयाच्या मुलींची पोरं तेव्हा रांगत होती. बघायला आलेल्या मंडळींत मुलाची आई स्वतः आली होती. तिनं माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. आई घाईघाईनं म्हणाली, "घट्टे आहेत हो, पण स्वयंपाकही सगळा येतो तिला."

"स्वयंपाकाला मी आहे," ती बाई म्हणाली. "आमच्याकडे ठोकायला माणूस कमी आहे."

मी मोठ्यांदा हसले. मुलींनी बघण्याच्या वेळी हसायचं नसतं, पण हसले. समोर बसलेला मुलगाही हसला, आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली.