उसना मामा

आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुलांचे कान नीलकंठभाऊंच्या मांडीवर टोचले गेले आहेत. टोचणारा दुसराच असतो. हे फक्त बाळाला घेऊन बसतात, कारण आपल्यात कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर लागतं. आता जबलपूरच्या मराठी घरांची अडचण अशी की बाळ इथे आणि मामा तिकडे, वणीला, पुसदला, नाहीतर यवतमाळला. कोणाला रजा मिळत नाही, कोणाला तिकीट मिळत नाही, आणि माझ्या भावासारखे काही नुसतेच आळशी असतात. मग घमापुरातल्या आम्ही बायका नीलकंठभाऊंचं दार वाजवतो. "भाऊ, रविवारी मामा व्हाल का?" हे आम्ही विरजण मागावं इतक्या सहज विचारतो, आणि त्यांनी कधी कोणाला रिकाम्या हाती परत पाठवलं नाही.

यायचे तर कसे, इस्त्रीचा शर्ट, खिशात खुळखुळा आणि बाळासाठी नवं झबलं. बाळाने भोकाड पसरलं की ह्यांचेच डोळे भरायचे. आम्ही हसायचो. "भाऊ, कान तुमचे टोचले का बाळाचे?" तेही हसायचे.

स्वतःचं लग्न राहूनच गेलं. फॅक्टरीत फिटर म्हणून लागले, आईवडील लागोपाठ गेले, मग धाकट्या हेमलताचं शिक्षण, तिचं लग्न. तिला विजय नगरात चांगलं घर मिळालं, नवरा अतुलही बरा मिळाला, पण मूल व्हायला फार वर्षं लागली. रोशनी झाली तेव्हा नीलकंठभाऊंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "ताई, आता खरा मामा झालो." इतकी वर्षं दुसऱ्यांची मुलं मांडीवर घेताना हा माणूस मनात कशाची वाट बघत होता, ते मला त्या दिवशी कळलं.

मध्यंतरी दोन गोष्टी घडल्या. त्यांच्या हाताला कंप सुटला. कप हातात दिला की थोडा चहा बशीत. फॅक्टरीने मशीनवरून काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. त्याचंही ते हसू करायचे, "साखर ढवळायला मला चमचा लागत नाही." दुसरी गोष्ट मात्र त्यांनी हसण्यावारी नेली नाही. गल्लीतल्या शर्मिलाच्या मुलाचे कान बाजारातल्या एका दुकानात बंदुकीसारख्या यंत्राने टोचले, आणि चार दिवसांत कानाची पाळ टम्म सुजून पू झाला. पोर तापाने फणफणलं. शर्मिलाने कोणाला बोल लावला नाही, पण भाऊंनी ते जिवाला लावून घेतलं. "माझ्या मांडीवर झालं नं ते," एवढंच म्हणत राहिले.

रोशनीच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही म्हणून ते सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून डॉक्टर शोधत हिंडले. सिविल लाइन्समध्ये एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक त्यांना पसंत पडलं. तिथे सुई आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढतात आणि एकदा वापरली की फेकून देतात. आधी पेनने दोन्ही कानांवर खूण करून आईला दाखवतात. बाळाच्या लसी झाल्या का विचारतात. पहिले काही आठवडे घालायचे डूलही निर्जंतुक केलेले, टायटेनियमचे. सोन्याचे डूल नंतर. हे सगळं भाऊ खोदून खोदून विचारून आले. मामाला आत घेता का, एवढंच विचारलं नाही. असा प्रश्न कोणाच्या डोक्यात येणार?

रोशनीचे कान टोचून झाल्यावर मी विचारलं, "काय भाऊ, भाची फार रडली का?" म्हणाले, "मी खालीच होतो ताई. आत फक्त आईबापाला सोडतात." हेमलताने त्यांना तसं सांगितलं होतं. ते जिन्याखाली उभे राहिले. बरोबर अतुलच्या ऑफिसातला मित्र अजिंक्य होता, गाडी त्याची. तो गाडी लावून येतो म्हणून गेला तो लवकर परतलाच नाही. रोशनीचं रडणं खालपर्यंत ऐकू आलं तेव्हा भाऊ जिना चढायला लागले, आणि नियम आठवून परत उतरले. वर क्लिनिकची बाजूही घेतली, "बरोबरच आहे नं. सारे आत घुसले त इन्फेक्शन होणारच." जाताना त्यांनी अजिंक्यचे आभार मानले होते, गाडी आणली म्हणून.

पुढे माझ्या लेकीचे, शरयूचे कान टोचायची वेळ आली. माझा भाऊ नेहमीप्रमाणे पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. नीलकंठभाऊ म्हणाले, "मी येतो, पण खालीच थांबतो बरं." क्लिनिकच्या जिन्यात शरयू आणि पिशवी मला एकटीला आवरेना, म्हणून ते पिशवी घेऊन वर दारापर्यंत आले आणि बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. मागच्या बाजूला लिफ्टही होती, ती आम्हाला वर आल्यावर दिसली.

पुष्पा नावाच्या नर्सने दार उघडलं. "मामाजी बाहर क्यों खड़े हैं? आइए न, बच्ची तो आपकी ही गोद में बैठेगी।"

"मामा को अंदर आने देते हैं?" भाऊंनी विचारलं.

"लो! मराठियों में तो मामा ही बैठते हैं। अभी विजय नगर से वो रोशनी आई थी, उसके भी मामा ही बैठे थे।"

मला वाटलं, बाईचा काहीतरी घोटाळा होतोय. भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, "कौन से मामा?"

"वो लंबे-से, चश्मे वाले। गाड़ी लगाकर दौड़ते हुए आए थे। अच्छे से पकड़ा था उन्होंने।"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला अस्सा राग आला की हेमलता समोर असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. भाऊ आत येऊन खुर्चीत बसले, शरयूला मांडीवर घेतलं. हात नेहमीपेक्षा जास्त हलत होते. डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतःच सांगितलं, "मैडम, मेरा हाथ काँपता है। बच्ची को लग जाएगी।"

बाई हातमोजे चढवत होत्या. म्हणाल्या, "आपको सिर्फ़ गोद में लेना है। सिर तो सिस्टर पकड़ती हैं, हर बच्चे का। आपका हाथ हिले तो हिले।"

पुष्पाने शरयूचं डोकं आपल्या तळव्यांत घट्ट धरलं. एक कान, मग दुसरा. शरयू किंचाळली आणि खुळखुळा वाजताच गप्प झाली. मी भाऊंकडे बघितलं. दर वेळी भरून येणारे त्यांचे डोळे ठणठणीत कोरडे होते. मला त्याचीच भीती वाटली.

खाली आल्यावर म्हणाले, "ताई, ऑटो विजय नगरवरून घेऊ." मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जायचंच होतं.

हेमलताने दार उघडलं, शरयूचे कान बघून कौतुक केलं, पाणी आणलं. भाऊंनी ग्लासला हात लावला नाही.

"हेमा, त्या दिवशी रोशनीला घेऊन आत कोण बसलं होतं?"

अतुलने टीव्हीचा आवाज बंद केला. हेमलता आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे बघायला लागली. "दादा, तुझा हात किती हालते. सुई कानात असताना पोरगी हलली असती त? मला भीती वाटली. हे तुला तोंडावर कसं सांगू? तुला वाईट वाटलं असतं."

"आता छान वाटून राहिलं नं मला."

ती रडायला लागली. भाऊ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दादा, तू नको बसू, असं म्हटलं असतं. मी आपल्या हातानं अजिंक्यला खुर्चीत बसवलं असतं. मी भिंतीशी उभा राह्यलो असतो, पोरीचं तोंड त दिसलं असतं. तू मला जिन्याखाली उभं केलं, हेमा. आणि मी वेड्यासारखा तिथं नियम पाळून राहिलो होतो." मग उठता उठता म्हणाले, "तिथं डोकं सिस्टर धरते. माझ्या हाताचा काही संबंधच नव्हता. तू कोणाला विचारलं बी नाही."

परतताना ऑटोत मी बरीच बडबड केली. हेमलताला भीती वाटली, हे मी समजू शकते. मीही आई आहे. पण ज्याने सगळ्या गल्लीला मामा पुरवला, त्याच्या सख्ख्या भाचीला मामा उसना आणायचा, आणि खऱ्या मामाला खाली उभं करून वर त्याच्याकडूनच त्या उसन्याचे आभार मानून घ्यायचे? हे मला आजही पचत नाही. भाऊ रस्त्याकडे बघत होते. घर आल्यावर त्यांनी शरयूचे कान कशाने पुसायचे ते मला पुन्हा एकदा समजावून सांगितलं आणि आपल्या खोलीत गेले.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आकाशकंदिलाची वायर बघत होते, तेवढ्यात हेमलताचा फोन आला. तिचं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अजिंक्यला ओवाळ. हात स्थिर आहे त्याचा." आणि फोन ठेवला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, उद्या माझ्याकडे या. मी ओवाळते तुम्हाला. माझा तरी कुठे येतोय?"

"नको ताई," ते वायर गुंडाळत म्हणाले. "आता उसनं काही नको."

भाऊबीजेला त्यांनी स्टोअरमधली ड्यूटी मागून घेतली. संध्याकाळी हेमलता ओवाळणीचं ताट घेऊन आली. दाराला कुलूप. माझ्या ओट्यावर बसून तिने विचारलं, "विनताताई, दादा कधी येईल?" मला माहीत होतं. मी माहीत नाही म्हटलं आणि तिला चहा दिला. रोशनीच्या कानात तिच्या मामाने दिलेले सोन्याचे डूल होते. ती दाराशी जाऊन दोन्ही हातांनी कुलूप हलवत होती आणि मोठमोठ्याने हाक मारत होती, "मामा! मामा!"